काळोख हवाय? वरळीला चला!

मुंबईत काय मिळत नाही? रात्री दोनला बुर्जी-पाव मिळतो, पहाटे चारला टॅक्सी. मिळत नाही तो फक्त काळोख! शहरापासून लांब, अमावास्येच्या स्वच्छ रात्री नुसत्या डोळ्यांनी दोन-अडीच हजार तारे दिसतात. तुमच्या गच्चीवरून किती दिसतात, मोजून बघा. मोजणी पटकन आटपेल.

म्हणून या वीकएण्डला मॉलला सुट्टी द्या. ‘शाळेच्या ट्रिपला पाहिलंय की सगळं,’ असं म्हणाल. पण तेव्हा अर्धं लक्ष डब्यात होतं ना!

सुरुवात नेहरू सायन्स सेंटरपासून. इथलं सायन्स पार्क १९७९चं, तर सेंटरचं उद्घाटन १९८५चं. काचेआडच्या वस्तू बघत फिरायची ही जागा नव्हे. बटणं दाबा, चाकं फिरवा, आरशांत स्वतःला वेडंवाकडं बघा. बाहेर उभ्या असलेल्या ‘मरुत’लाही भेटा. भारतात बनलेलं हे लढाऊ जेट १९६१मध्ये पहिल्यांदा झेपावलं.

मग अॅनी बेझंट रोडवरचं नेहरू तारांगण. १९७७मध्ये सुरू झालेल्या या घुमटात २००३मध्ये ‘डिजिस्टार-३’ ही डिजिटल यंत्रणा आली. दिवे विझतात आणि एसीत, खुर्चीत रेलून तुम्ही थेट ताऱ्यांखाली!

मृग नक्षत्र दिसलं, तर त्यातले एका ओळीतले तीन तारे हेरा. हा बाण. त्याच रेषेत पुढे तेजस्वी व्याध. तो आपल्यापासून सुमारे साडेआठ प्रकाशवर्षं लांब. म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा तुम्ही कदाचित पहिल्या जॉबसाठी बायोडेटा टाइप करत होतात!

आता एक ट्रिक. मुंबई १९ अंश उत्तरेला, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १९ अंश वर. हात ताठ धरला की मूठ साधारण दहा अंशांची. उत्तरेला तोंड करा, दोन मुठी मोजा. पुढच्या सह्याद्री ट्रेकला ग्रुपमध्ये भाव खाऊन जाल!

घुमटातलं आकाश शेवटी झेरॉक्सच. पण ओरिजिनल अजून तिथेच आहे, आपल्याच दिव्यांनी झाकलेलं. एकदा झेरॉक्स बघा, ओरिजिनलची ओढ आपोआप लागेल.

कसं जाल? मेट्रो-३चं सायन्स सेंटर स्टेशन किंवा लोकलने महालक्ष्मी. दोन्ही ठिकाणची तिकिटं वेगळी. तारांगण सोमवारी बंद असतं. मराठी शोची वेळ आधी फोन करून विचारा.