ओळख तुर्कस्तानची – ४ : चहा, चेक आणि तारीख

इस्तंबूलच्या एमिनोन्यू भागात घाऊक व्यापाऱ्यांच्या जुन्या इमारती आहेत. त्यांना ‘हान’ म्हणतात. अनेक हानांत इमारतीचा स्वतःचा चहावाला असतो. दुकानदार भिंतीवरच्या इंटरकॉमचे बटण दाबून ‘दोन चहा’ एवढेच सांगतो. साखळ्यांनी टांगलेले तबक हलवत पोऱ्या येतो. त्यात बारीक कमरेचे काचेचे पेले आणि बिनदुधाचा लालसर चहा. पैशांऐवजी प्लास्टिकचे टोकन तबकात पडते आणि पोऱ्या पुढच्या दुकानाकडे वळतो. दरडोई चहा पिण्यात तुर्क जगात सर्वांत पुढे आहेत, ते उगाच नव्हे.

नवख्या परदेशी व्यापाऱ्याची घालमेल इथूनच सुरू होते. माल, भाव, मुदत यांतले काहीच निघत नाही. गाव कुठले, वडील काय करायचे, मुले किती, फुटबॉलमध्ये गालातासराय की फेनेरबाहचे, असे चालूच राहते. व्यवसाय-मार्गदर्शक पुस्तिका याला तुर्की आदरातिथ्य म्हणून मोकळ्या होतात. आदरातिथ्य ते आहेच, पण त्याच्या आडून समोरच्याची पत जोखली जात असते.

कारण तिथला घाऊक बाजार मोठ्या प्रमाणावर पुढच्या तारखेच्या चेकवर चालतो. कापड आज उचलायचे, चेकवर तारीख चार-सहा महिन्यांनंतरची घालायची. कापडवाला तोच चेक मागे सही करून सूतवाल्याला देतो, सूतवाला आणखी पुढे सरकवतो. पहिल्याचा चेक वटला नाही की मागची सगळी साखळी हादरते. न वटलेल्या चेकपायी तुरुंगात जाण्याची तरतूद २०१२मध्ये काढली गेली. व्यापाऱ्यांची ओरड झाली आणि २०१६मध्ये ती परत आली. २०१७पासून चेकवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरला की देणाऱ्याचे आधीचे किती चेक परत गेले ते दिसते. तरीही चहाच्या फेऱ्या कमी झालेल्या नाहीत. धंदा बुडाला तर भाऊ-मेहुणे पाठीशी उभे राहतील का, हे कोड सांगत नाही.

या सावधपणाला पैशाचा इतिहासही कारणीभूत आहे. २००५च्या १ जानेवारीला सरकारने लिराची सहा शून्ये पुसली. त्याआधी दोन कोटी लिरांची नोट चलनात होती! पुसलेल्या शून्यांनी स्वास्थ्य दिले ते काही वर्षांपुरतेच. २०१८च्या सुरुवातीला डॉलरला चार लिराही पडत नव्हते, २०२४ संपताना पस्तीसहून जास्त पडू लागले. ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारी आकड्यानुसारच महागाई ८५ टक्क्यांवर होती. अशा बाजारात सहा महिन्यांच्या मुदतीचा भाव सांगणे म्हणजे अर्धा जुगारच. म्हणून बचत सोन्यात जाते. लग्नात नवरीच्या अंगावर लाल फितीने टाचतात ते ‘चेयरेक’, म्हणजे पावणेदोन ग्रॅमचे पाव नाणे. बँकेत न ठेवलेल्या सोन्याला ‘उशीखालचे’ म्हणतात, आणि ते बाहेर काढण्यासाठी सरकारने वारंवार योजना आणल्या आहेत.

चलनावर भरवसा नसला की तो नात्यागोत्यावर टाकावा लागतो. देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांच्या पाट्यांवर आजही घराण्यांची नावे आहेत. वेहबी कोच यांनी १९२६मध्ये अंकारात वडिलांचे दुकान आपल्या नावावर करून घेतले. त्यातून उभ्या राहिलेल्या कोच समूहाची ‘आर्चेलिक’ ही कंपनी व्होल्टासच्या भागीदारीत भारतात ‘व्होल्टास बेको’ची यंत्रे विकते. साबांजी घराण्याचे मूळ पुरुष हाजी ओमेर कायसेरीजवळच्या खेड्यातून अदानाच्या कापूस बाजारात मजुरीला आले होते. त्यांच्या समूहाचे अध्यक्षपद २००४मध्ये नात गुलेर साबांजी यांच्याकडे आले. तुर्की व्यापारात बायका नसतात असे समजून जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे. कायसेरीकर धंद्यात इतके पक्के, की त्यांतल्या एकाने गाढव रंगवून मूळ मालकालाच परत विकले, हा विनोद तुर्क अजूनही चवीने सांगतात. कायसेरीकरही तो कौतुक म्हणूनच घेतात.

बाजाराच्या रीतीत भारतीयाला परके वाटेल असे फारसे नाही. सकाळच्या भवानीला तिथे ‘सिफ्ताह’ म्हणतात. आपली सिफ्ताह झाली की पुढचे गिऱ्हाईक अजून भवानी न झालेल्या शेजाऱ्याकडे पाठवावे, असा जुन्या कारागीर संघांचा दंडक सांगितला जातो. आज तो पाळला जातो त्यापेक्षा ऐकवला जास्त जातो. पुरुषाला नावापुढे ‘बेय’ आणि बाईला ‘हानम’ लावून हाक मारायची, आडनाव मध्ये आणायचे नाही. भुवया उडवून जिभेने ‘च्’ केले की तो स्वच्छ नकार. बैरामच्या, म्हणजे ईदच्या, तोंडावर बैठक ठरवू नये, कारण सरकार पुष्कळदा सुट्टी जोडून नऊ दिवसांची करते.

महाराष्ट्राचा तुर्की कंपन्यांशी संबंध जवळचा आहे. पुणे मेट्रोचे भुयारी काम टाटा प्रोजेक्ट्सबरोबर ‘ग्युलेरमाक’ या तुर्की कंपनीने केले. पण मे २०२५मध्ये भारत-पाक संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. राजकारण तापले की वर्षानुवर्षांची ओळख एका आठवड्यात बाजूला पडते, हेही हिशेबात धरावे लागते.

भारतीय निर्यातदाराची खरी परीक्षा मात्र मुदतीवरच होते. तो बिल डॉलरमध्ये करतो. त्याचा तुर्की ग्राहक मात्र माल देशात लिरामध्ये आणि पुढच्या तारखेच्या चेकवर विकतो. २०१८च्या सप्टेंबरपासून देशांतर्गत अनेक प्रकारचे करार परकीय चलनात करायलाही बंदी आहे. त्यामुळे तिसऱ्या चहानंतर तो नव्वद दिवसांची मुदत मागतो, तेव्हा त्यामागे त्याने स्वतः दिलेली उधारी असते. पतपत्र किंवा निर्यात-विमा यांचा विषय त्याच बैठकीत काढला तर कुणी दुखावत नाही. तुर्की व्यापारी स्वतःही समोरच्याच्या चेकचा क्यूआर कोड पाहूनच तो खिशात घालतो.