घरी राहिलेला प्रेक्षक

फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू क्रीडागारात १४ मार्च २०२० रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला आणि कोलकात्याच्या एटीके संघाने चेन्नईयिनचा ३-१ असा पराभव केला. सामना चुरशीचा झाला. परंतु तो पाहावयास गॅलरीत प्रेक्षक म्हणून एकही माणूस नव्हता. अवघ्या दोन दिवसांपूर्वी प्रेक्षकांना मज्जाव करण्याचा निर्णय जाहीर झाला होता. त्या वेळी आम्ही चिडलो होतो, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. गोव्यात तोवर कोविडचा एकही रुग्ण आढळलेला नव्हता; पहिले तीन आढळले ते २५ मार्चला. साप म्हणून भुई धोपटण्याचाच हा प्रकार आहे, असे आम्ही त्या संध्याकाळी दोन-तीन स्नेह्यांना ऐकवलेही होते. आज त्या वाक्याची आम्हांस लाज वाटते.

परंतु तो राग कोठून आला होता, हेही समजून घेण्यासारखे आहे. गोमंतकात १८८३ साली शिवोलीस फादर विल्यम लायन्स यांनी फुटबॉल आणला, असे इतिहास सांगतो. आमच्या आयुष्यात तो आला तो भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांतून. पायांना धसकटे टोचत, गोलाच्या खांबांच्या जागी दोन दगड ठेवलेले, आणि अंधार पडून चेंडू दिसेनासा झाला की खेळ संपला असे समजावयाचे! पुढे वडिलांचे बोट धरून कांपालच्या बांदोडकर मैदानावर जाऊ लागलो. साळगावकर, धेंपो, सेझा, वास्को ही नावे आम्हांस पाढ्यांच्या आधी पाठ झाली. म्हापशाचे दुलेर मैदान असो वा वास्कोचे टिळक मैदान, तेथे पोचण्यासाठी बस आणि फेरीबोट यांचे जे गणित जमवावे लागे, ते शाळेतील गणितापेक्षा निश्चितच अवघड होते. १९८३ साली कोलकात्यात गोव्याने बंगालसमवेत संतोष करंडक संयुक्तपणे जिंकला तेव्हा आम्ही आकाशवाणी संचाला कान लावून बसलो होतो. दुसऱ्या वर्षी मद्रासेत तो एकट्या गोव्याकडे आला. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक खांबांमध्ये उभा असला की आपल्या घराचे दार कोणीतरी राखीत आहे अशी निश्चिंती वाटे. १९८९ साली फातोर्ड्याचे क्रीडागार उभे राहिले आणि त्यानंतर घरच्या मैदानावरच केरळला हरवून गोव्याने पुन्हा तो करंडक पटकावला.

हे सारे सांगावयाचे कारण एवढेच की आमच्या पिढीला प्रेक्षक असणे म्हणजे तेथे असणे एवढेच ठाऊक होते. पाऊस असो, अंगात कणकण असो, घरी पाहुणे आलेले असोत, मैदानावर जो जातो तो खरा, अशी आमची निष्ठेची व्याख्या होती. ताप अंगावर काढून सामन्याला गेल्याच्या गोष्टी आम्ही वर्षानुवर्षे फुशारकीने सांगितल्या आहेत. त्या तापाने शेजारी बसलेल्याचे काय झाले, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही.

तो प्रश्न पडला तो दूर इटलीतील एका सामन्याची हकीकत वाचून. १९ फेब्रुवारी २०२० रोजी बेर्गामो शहराच्या अतालांता संघाने स्पेनच्या वालेन्सियाला ४-१ असे हरवले. बेर्गामोच्या स्वतःच्या मैदानाऐवजी सामना सुमारे पन्नास किलोमीटरवरील मिलानच्या सान सिरोवर ठेवला होता. युरोपातील सर्वोच्च स्पर्धेत त्या मध्यम आकाराच्या शहराचा संघ प्रथमच इथवर पोचला होता. चव्वेचाळीस हजारांवर प्रेक्षक जमले आणि त्यांतील बहुसंख्य बेर्गामो परिसरातून बसगाड्यांनी, आगगाड्यांनी गेलेले होते. चार गोल म्हणजे चार वेळा गळाभेटी. त्या दिवशी तेथेही रोग गावात शिरल्याचे कोणास ठाऊक नव्हते. त्या प्रांतातील स्थानिक लागणीचा पहिला रुग्ण दोन दिवसांत उघडकीस आला. महिन्याभराच्या आत, १८ मार्चच्या रात्री, बेर्गामोतील शवपेट्या वाहून नेण्यास लष्करी ट्रक बोलवावे लागले. केवळ त्या एका सामन्यानेच रोग पसरवला असे म्हणता येणार नाही, तज्ज्ञांनीही तसे म्हटलेले नाही. परंतु त्या रात्रीच्या गर्दीचा त्यात हात होता, असे त्या शहराचे महापौर आणि डॉक्टर यांना वाटत आले आहे. आमच्याप्रमाणेच तेथेही सामन्याच्या दिवशी कोणी म्हणाला असेल, येथे एकही रुग्ण नाही.

दुसरे उदाहरण याहून विलक्षण आहे, कारण तेथे अज्ञानाची सबब नव्हती. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी घोषित केली, आणि त्याच रात्री इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विरुद्ध अ‍ॅतलेतिको माद्रिद हा सामना बावन्न हजार प्रेक्षकांसमोर खेळवला गेला. माद्रिदमधील शाळा त्या दिवशी बंद झाल्या होत्या, स्पेनमधील सामने प्रेक्षकांविना खेळवण्याचा हुकूम निघाला होता. तरीही माद्रिदचे सुमारे तीन हजार पाठीराखे विमाने पकडून लिव्हरपूलला पोचले. स्वतःच्या गावी जो माणूस गॅलरीत बसू शकत नव्हता, त्याला परक्या गावी जाऊन बसण्याची मुभा होती! यात प्रेक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. दार उघडे ठेवले की आम्ही आत जाणारच. आमची जात ती. दार वेळेवर लावण्याची जबाबदारी ज्यांची असते त्यांनी ते लावावयाचे असते. फातोर्ड्यास ते लावले गेले, आणि त्याबद्दल धन्यवाद देण्याऐवजी आम्ही भुई धोपटण्याच्या गोष्टी करीत बसलो.

त्यानंतरचा काळ गोव्याच्या फुटबॉलमध्ये मोठा चमत्कारिक ठरला. २० नोव्हेंबर २०२० पासून १३ मार्च २०२१ पर्यंत इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यातच झाला. अकरा संघ, एकशे पंधरा सामने आणि तीन मैदाने: फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान व बांबोळीचे जीएमसी स्टेडियम. एवढा फुटबॉल एका हंगामात गोव्याच्या भूमीवर यापूर्वी कधी झाला नव्हता आणि त्यातील एकही सामना गोवेकराला मैदानावर बसून पाहता आला नाही. खेळाडू हॉटेलांच्या बंदिस्त कड्यात, आम्ही घरांच्या. टिळक मैदानावरील दिव्यांचा उजेड वास्कोतील घरांच्या गच्च्यांवरून दिसत असे, आणि त्याच वेळी आतला खेळ घरातील दूरदर्शन संचावर पाहावा लागे. विहिरीच्या काठावर बसून नळाचे पाणी पिण्यातलाच हा प्रकार.

त्या सामन्यांना जोडलेला ध्वनिमुद्रित जयघोष हा तर स्वतंत्र विषय आहे. चेंडू गोलाजवळ गेला की आवाज चढे, दूर गेला की उतरे. कोणीतरी कळ फिरवीत असावा. आम्ही पुढे पुढे आवाज पूर्ण बंद करून सामने पाहू लागलो. मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रिकाम्या मैदानांवर यजमान संघाचा वरचढपणा कमी झाला आणि पाहुण्या संघाला पूर्वीपेक्षा कमी पिवळी कार्डे मिळू लागली, असे युरोपातील सामन्यांच्या अभ्यासांत आढळले. म्हणजे गॅलरीतून आम्ही जन्मभर जी आरडाओरड केली ती अगदीच वाया गेली नव्हती. निदान पंचांच्या शिट्टीवर तिचा थोडाफार परिणाम होत होता. म्हातारपणी मिळालेले हे प्रशस्तिपत्र आम्ही जपून ठेवले आहे.

आणि मग एप्रिल २०२१ उजाडला. एफसी गोवा हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय संघ. त्याच्या गटाचे सामनेही फातोर्ड्यालाच झाले. १४ एप्रिलला कतारच्या अल-रय्यानला गोव्याने गोलशून्य बरोबरीत रोखले. त्या संघाचे प्रशिक्षक होते लॉराँ ब्लाँ, १९९८ साली विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रेंच संघातील बचावपटू. तीन दिवसांनी अल-वहदाविरुद्धही बरोबरी. मग २० एप्रिलला इराणच्या बलाढ्य पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि काही मिनिटे गोवा चक्क आघाडीवर होता. शेवटी २-१ अशी हार झाली, पण ती काही मिनिटे ज्याने पाहिली तो विसरणार नाही. गोव्याच्या क्लब फुटबॉलने यापूर्वी एवढी उंची गाठली नव्हती, आणि टाळी वाजवावयास आत कोणी नव्हते.

बेदियाच्या गोलानंतर आमचा दूरध्वनी वाजला. म्हापशाचे आमचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक. चाळीसएक वर्षे आम्ही शेजारी शेजारी बसून सामने पाहिले. ‘पळयलें?’ एवढेच ते म्हणाले आणि पुढे बराच वेळ कोणीच काही बोलले नाही. त्या सबंध वर्षात ते घराबाहेर क्वचितच पडले होते. त्या वेळी गोव्यात दुसरी लाट चढत होती; एप्रिलच्या अखेरीस रुग्णालयांत खाटा मिळेनात अशी अवस्था झाली. इतकी काळजी घेतलेल्या या गृहस्थांना तो रोग कोठून लागला, हे शेवटपर्यंत कळले नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. त्यांच्या अंत्यविधीला आम्हांस जाता आले नाही. अतालांताच्या त्या गळाभेटींची आठवण आम्हांस त्यानंतर अधिकच होऊ लागली, कारण त्यांच्याशी आमची शेवटची गळाभेट कोणत्या गोलाला झाली होती, हे कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

पुढचा हंगामही बंद दारांआडच झाला. मात्र २० मार्च २०२२ चा अंतिम सामना प्रेक्षकांसाठी खुला ठेवण्यात आला आणि फातोर्ड्याची गॅलरी दोन वर्षांनी भरली. केरळ ब्लास्टर्सचे पाठीराखे पिवळी वस्त्रे लेवून आगगाड्यांनी, मोटारींनी, कित्येक तर मोटारसायकलींवरून आले होते. आमच्या भाच्याने खटपट करून दोन तिकिटे मिळवली. आम्ही गेलो नाही. घरात नव्वदीला टेकलेली आई होती. तिची लस झालेली होती, लाट ओसरलेली होती, सरकारची परवानगी होती, हे सर्व आम्हांस मान्य होते. तरीही पाय निघाला नाही. ‘मामा, तुम्ही आता टीव्हीवरचेच झालात,’ असे भाचा जाता जाता म्हणाला. त्याने ते थट्टेने म्हटले. आम्हांस ते बरेच दिवस सलले.

सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर हैदराबादने तो ३-१ असा जिंकला. हैदराबादच्या गोलात उभा होता आपला गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने तीन पेनल्टी अडवल्या. त्या संध्याकाळी घरी बसून आम्हांस एक गोष्ट कळली. पेनल्टी घेणारा धावण्यापूर्वी हजारो माणसे एकाच वेळी श्वास रोखतात. त्या शांततेला एक वजन असते आणि कळ फिरवणाऱ्याला ती कधीही जमली नव्हती. आम्ही जन्मभर त्या शांततेचा एक अंश होतो. त्या दिवशी नव्हतो. याचे दुःख झाले, पश्चात्ताप मात्र झाला नाही.

दारे उघडल्यावर तरुण मंडळी धावत आत गेली, ते योग्यच झाले. परंतु आमच्या वयाचे जे थबकले, त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याची एक पद्धत त्या दिवसांत पडली होती. कोणाच्या घरी मधुमेही पत्नी असते, कोणाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असते. माणूस ते गॅलरीत ओरडून सांगत नाही. स्पर्धा चालवणाऱ्यांनाही एक गोष्ट सुनावणे भाग आहे. प्रेक्षकांविना एकशे पंधरा सामने पार पडले, प्रक्षेपणाचे पैसे मिळाले. त्यावरून प्रेक्षक असला काय नि नसला काय, असा निष्कर्ष कोणी काढला असेल तर तो चूक आहे. ते सामने पार पडले, कारण प्रेक्षक घरी राहिला. त्याने कुंपणे ओलांडली नाहीत. त्याची उपस्थिती जशी मोजली जाते, तशी ती अनुपस्थितीही कोठेतरी मांडून ठेवावयास हवी होती. वर्तमानपत्रांत त्या हंगामाचे आकडे छापले गेले, त्यांत गोल होते, कार्डे होती. प्रेक्षकसंख्येच्या रकान्यात शून्य होते. ते शून्य कोणी दिले, याची चौकशी आम्हीही तेव्हा केली नाही.

आणखी एक अगदी व्यवहाराची सूचना. आजारी माणसाने गर्दीत येऊ नये, असे सांगणारे फलक पुष्कळ लागले. पण ज्याने महिन्याभरापूर्वी तिकिटाचे पैसे मोजले आहेत तो नाक पुसत पुसत येणारच, कारण न आल्यास पैसे बुडतात. आजारी प्रेक्षकाला तिकीट परत करता यावे वा पुढील सामन्यासाठी बदलून मिळावे, एवढी सोय केली तर फलकांची गरज पुष्कळ कमी होईल. कोविड ओसरला, तरी साध्या फ्लूने वृद्ध माणसे दरवर्षी दगावतातच.

२०२२-२३ च्या हंगामात फातोर्ड्याला गोव्याचे घरचे सामने पुन्हा भरल्या गॅलरीसमोर सुरू झाले, तेव्हा आम्हीही गेलो. खिशात मुखपट्टी होती; आत शिरताना, फाटकाशी गर्दी दाटते तेवढ्यापुरती ती लावली आणि मोकळ्यावर जाऊन बसल्यावर काढली. बाहेर रोस ऑम्लेटच्या गाड्यांवर पूर्वीचीच झुंबड होती. सवयीने आम्ही रांगेच्या टोकाची एक जागा सोडून बसलो, कारण टोकाची जागा म्हापशाच्या मास्तरांची. त्यांना गुडघा लांब करून बसावे लागे. मध्यंतराच्या सुमारास एक शाळकरी मुलगा येऊन तेथे बसला आणि आम्ही काही बोललो नाही.

गेल्या वर्षी एका सामन्याच्या सकाळी भाच्याचा दूरध्वनी आला. तिकिटे त्यानेच काढली होती, आम्हांला घ्यावयास तोच येणार होता. त्याचा आवाज बसलेला होता. ‘मामा, रात्रीपासून ताप आहे. मी येत नाही. आजी घरात आहे, तुमच्याकडेही फिरकत नाही,’ असे तो म्हणाला. आम्ही त्याला आल्याचा काढा घ्यावयास सांगितले आणि बसने निघालो.