कार्पासाचे बीज कोणाच्या हाती?

खानदेशात कापसाला पांढरे सोने म्हणतात. वैद्याच्या दृष्टीने मात्र कार्पास हे केवळ वस्त्राचे साधन नसून औषधी द्रव्यही आहे. त्याचे मूळ आर्तवप्रवर्तनासाठी व बीज स्तन्यवृद्धीसाठी सांगितलेले आहे. कार्पासास्थ्यादि तैल तर वातव्याधीत आपल्या नित्य उपयोगातील. म्हणूनच जनुकीय परिवर्तित पिकांचा वाद हा शेतकरी आणि बियाणे कंपन्या यांच्यापुरताच आहे, असे मानून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक रोपात घातल्याने रोप स्वतःच बोंडअळीस मारक प्रथिन तयार करू लागले. प्रारंभी लाभ झाला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बोंडअळीवरील फवारण्या घटल्या. २००२-०३ मध्ये सुमारे १३६ लाख गाठी असलेले देशाचे उत्पादन २०१३-१४ मध्ये ३९० लाख गाठींच्या पुढे गेले. अर्थात त्यात सिंचन व संकरित वाणांचाही वाटा होता. परंतु शेंदरी बोंडअळीने या प्रथिनाला दाद देणे सोडले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना मोठा फटका बसला. एकच औषध सर्वत्र, सर्वकाळ योजले की त्याची मात्रा लागू पडेनाशी होते, हे वैद्यांना वेगळे सांगावयास नको.

आमच्या वरणगावी १९६०च्या दशकात आयुध निर्माणी उभी राहिली. सैन्याच्या काडतुसांसाठी देश परक्यावर अवलंबून राहू नये, हा त्यामागील विचार सर्वांना पटतो. मग बियाण्याबाबत तोच विचार का नसावा? २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा व पेरण्याचा हक्क दिला आहे. परंतु बीटी जनुक आले ते मुख्यतः संकरित वाणांतून, आणि संकरित वाणाचे राखलेले बी दुसऱ्या वर्षी पूर्वीसारखे उतरत नाही. हक्क कागदावर राहिला. पाकीट मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सहभागातून पुढे आलेल्या ‘बिकानेरी नरमा’ या सरळ बीटी वाणाला २००८ मध्ये मान्यता मिळाली होती. त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळल्याचा प्रश्न उद्भवला व त्याची विक्री थांबली. स्वावलंबनाची एक चांगली संधी अशी हुकली.

आता आपल्या फार्मसीचा प्रश्न. आज देशातील कापसाच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाण आहेत आणि ते प्रायः अमेरिकन कापसाच्या, म्हणजे गॉसिपियम हिरसुटमच्या कुळातील आहेत. ग्रंथोक्त कार्पासाची ओळख मात्र सर्वसाधारणपणे देशी गॉसिपियम हर्बेशियम अशी दिली जाते. बाजारातून ‘सरकी’ म्हणून आलेला माल कोणत्या जातीचा, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? बीटी सरकीचे तैल अपायकारक आहे, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु द्रव्याची जातीच निश्चित नसेल, तर गुण आला काय आणि न आला काय, त्याचा निर्णय कशाच्या आधारे करणार?

वांग्याबाबतही हाच धडा आहे. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र शासनाने स्थगिती दिली. त्यापूर्वी झालेल्या विचारविनिमयात आयुर्वेदीय चिकित्सकांनीही शंका मांडल्या होत्या. दशमुळातील बृहती व कंटकारी या वांग्याच्याच सोलॅनम कुळातील वनस्पती असल्याने, तेव्हा बोलणे हे आपले कर्तव्यच होते.

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात, भूमी दूषित होऊन औषधी निर्वीर्य होण्यापूर्वीच त्यांचा संग्रह करावा, असा उपदेश केला आहे. त्याचा आजचा अर्थ सोपा आहे. फार्मसीचालकांनी सरकी व कार्पासमूळ खरेदी करताना जातीची लेखी नोंद मागावी. देशी कापूस राखणाऱ्या शेतकऱ्यांशी हंगामापूर्वीच बोलणी करून वाजवी भाव ठरवावा. देशी व अमेरिकन कापसाची गुणसूत्रसंख्या अनुक्रमे २६ व ५२ असल्याने त्यांचा संकर सहजासहजी होत नाही. म्हणजे शेजारच्या शेतात बीटी असले तरी देशी बी शुद्ध राखणे अशक्य नाही. मात्र जिनिंगमध्ये सरकी एकत्र मिसळली, तर हे सारे व्यर्थ. तेव्हा देशी कापसाची सरकी वेगळी काढून घेण्याची व्यवस्थाही आपणच करावयास हवी. गिऱ्हाईक असले तरच शेतकरी ते बी जपेल, आणि ते गिऱ्हाईक होणे आपल्या हाती आहे.