मंडळीतील अधले वय

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावातील मूल दहावी झाले की त्याचे गाव निम्मे सुटते. पुढच्या शिक्षणासाठी यवतमाळ किंवा वर्धा, त्यानंतर नागपूर, पुणे, हा क्रम बहुधा ठरलेलाच असतो. कापसाच्या या मुलुखात त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. उलट पोर शिकावयास बाहेर पडले याचे कौतुकच होते. विदर्भातील लहान ख्रिस्ती मंडळ्यांना मात्र या स्थलांतराची झळ अधिक लागते. मूठभर कुटुंबांच्या मंडळीतून चार-पाच मुले गेली, की रविवारच्या उपासनेत पेटी धरणारा उरत नाही आणि शब्बाथ शाळेत लहानग्यांना गीते शिकविणारी ताईही उरत नाही.

गाव सुटणे टळणारे नाही. विचार व्हावयास हवा तो त्याआधीच्या चार-पाच वर्षांचा. शब्बाथ शाळा बालकांची, महिला सभा स्त्रियांची, पंच कमिटी वडीलधाऱ्यांची. बारा ते अठरा या वयाचे मूल यांपैकी कशातच नीट बसत नाही. नाताळात सतरंज्या अंथरणे, पताका लावणे, पाहुण्यांना चहा देणे ही कामे त्याच्याकडे हक्काने येतात. हिशेबाची वही मात्र त्याच्या दृष्टीस पडत नाही. तरुण संघ असलाच, तर त्याचे अध्यक्षपद चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाकडे असावे, यात कोणास काही वावगे वाटत नाही! येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारीत होता, ही कथा प्रत्येक मंडळीत सांगितली जाते. प्रश्न विचारणारे बारा वर्षांचे मूल समोर आले म्हणजे मात्र तिचा विसर पडतो.

वास्तविक तरुणांवर भार टाकण्याची रीत ख्रिस्ती समाजाला अपरिचित नाही. १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीएची स्थापना करणारा जॉर्ज विल्यम्स कापडाच्या पेढीवर काम करणारा बावीस वर्षांचा नोकर होता. १८८१ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ सुरू केले, ते याच अधल्या वयासाठी. सभेत प्रत्येक सभासदाने काही ना काही बोललेच पाहिजे आणि कामाच्या समित्या मुलांनीच चालवाव्या, अशी तिची पद्धत होती.

यवतमाळला तर या बाबतीत एक विशेष वारसा आहे. देशभरचे तरुण जेथे पाळकपणाचे शिक्षण घेत, ते युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून तीस वर्षे याच शहरात होते. १९८३ साली ते पुण्यास गेले. संस्थेच्या दृष्टीने ते स्थलांतर सोयीचे असेल. परंतु विशीतला, आपल्याहून थोडाच मोठा असलेला अभ्यासू तरुण रोज डोळ्यांपुढे असणे, ही गोष्ट जिल्ह्यातील मुलांनी गमावली.

वाद मात्र रंगतो तो गिटारचा. मुलांना हिंदी गीते आणि गिटार हवी, वडिलांना ‘उपासना संगीत’ आणि पेटी. पण १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, तेव्हा तीही नवी चालच होती. शिवाय याच वऱ्हाडात तुकडोजी महाराजांच्या भजनी मंडळांत शाळकरी मुलाच्या हाती खंजिरी दिली जाते आणि त्याचा ताल चुकला तरी कोणी भजन थांबवीत नाही. वाद्य कोणते, यापेक्षा ते कोणाच्या हाती दिले, हे महत्त्वाचे.

याहून अवघड प्रश्न कचेरीत उभा राहतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शिखांसाठी १९५६ साली व बौद्धांसाठी १९९० साली तो आदेश सुधारला गेला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. आदिवासींना ही अट नाही. त्यामुळे एकाच बाकावर बसून प्रार्थना करणाऱ्या गोंड मुलाचा आणि दलित मुलाचा मार्ग दाखल्यापाशी वेगळा होतो. घरी एक, कागदावर एक असे जगण्याची पाळी पंधराव्या-सोळाव्या वर्षी काही मुलांवर येते. यावर मंडळीत उघड बोलणे होत नाही. आईबाप खालच्या आवाजात सांगतात, आणि मूल हळूहळू उपासनेस येईनासे होते. त्याला नास्तिक ठरविणे सोपे आहे. तो केवळ कोणी विचारण्याची वाट पाहत असतो, हे ध्यानात घेणे कठीण जाते.

पंच कमिटीत सतरा-अठरा वर्षांच्या दोघांना बसवावयास खर्च येत नाही. मताचा अधिकार नियमात बसत नसेल, तर निदान हिशेब वाचण्याचे काम त्यांना द्यावे. मूल परगावी निघाले, की तेथील पाळकास त्याचे नाव आणि वसतिगृहाचा पत्ता कळवावा. पूर्वी यासाठी पत्र लिहावे लागे. आता एका फोनचे काम आहे, आणि तो फोन जूनमध्येच व्हावयास हवा, नाताळात मूल सुट्टीला परत येईपर्यंत नव्हे.