खडीची वाट आणि सायकलीची बैठक

सायकलीवर बसलेला माणूस तीन ठिकाणी टेकलेला असतो. पाय पॅडलवर, हात हँडलवर आणि बूड सीटवर. पैकी गुडघे वाकतात, कोपरे वाकतात, त्यामुळे पायांना आणि हातांना धक्का चुकवता येतो. पाठीच्या कण्याला मात्र ती सोय नाही. तो सीटवर उभाच्या उभा टेकलेला असतो आणि वाटेवरचा प्रत्येक दगड त्याच्यापर्यंत जाऊन पोचतो.

पाटणात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गावातून कऱ्हाडकडे किंवा कोयनानगरकडे जाणारी सडक सोडली आणि दातेगडाची किंवा सडावाघापूरची चढण धरली, की वर जांभ्याचा सडा लागतो. पवनचक्क्यांच्या बुंध्याशी जाणाऱ्या वाटा मुरुमाच्या आणि खडीच्या. अवजड गाड्यांनी त्यांच्यावर नालीदार पत्र्यासारख्या आडव्या वळ्या उठवलेल्या असतात. मी भूगोल शिकवतो. विद्यार्थ्यांना घेऊन वर्षातून पाच-सहा वेळा ह्या सड्यावर जातो, आणि एरवीही रविवारी सायकल काढतोच. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या कमरेतली एक चकती सरकली. दोन महिने अंथरुणात काढले. उठल्यावर डॉक्टर म्हणाले, “सायकल चालवा, पण डांबरी सोडू नका.” आता डांबरी सोडायची नाही म्हणजे सडा सोडायचा. ते मनाला पटेना. तेव्हापासून सीटखालच्या नळाचा, म्हणजे दुकानात ज्याला सीटपोस्ट म्हणतात त्याचा, अभ्यास सुरू झाला. त्यात पैसेही गेले आणि चुकाही झाल्या. तुमचे पैसे वाचावेत म्हणून हे सांगतो.

प्रश्न तसा नवा नाही. आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलीला रुंद चामड्याची सीट होती आणि तिच्या मागच्या बाजूला अंगठ्याएवढ्या जाड तारेच्या दोन स्प्रिंगा होत्या. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्सने चामड्याच्या सीटचे पेटंट १८८२ साली घेतले. डनलॉपची हवेची धाव आली १८८८ साली. म्हणजे हवेच्या टायरच्या आधीपासून माणूस आपल्या बैठकीची काळजी करतो आहे! पण वडील त्या सायकलीवर ताठ बसत, जवळजवळ सगळा भार सीटवर. आजची खडीवाटेची सायकल, जिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात, तिचे हँडल खाली वळलेले असते, माणूस पुढे झुकतो आणि सीट अरुंद लागते. अरुंद सीटला तसल्या जाड स्प्रिंगा मानवत नाहीत, मांड्यांना घासतात. म्हणून स्प्रिंग सीटमधून निघाली आणि सीटखालच्या नळात जाऊन बसली. एवढाच काय तो फरक.

पण थांबा. नळाकडे जाण्याआधी टायरकडे पाहिले पाहिजे. माझी पहिली चूक इथेच झाली. ग्रॅव्हल सायकलीचा टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतो आणि आपल्याकडे हवा भरणारा पोरगा सवयीने त्यात साठ पौंड ठोकतो. टायर लाकडासारखा होतो. सत्तर किलोच्या माणसाला मागे ३५ ते ३८ पौंड आणि पुढे त्याहून तीन-चार पौंड कमी पुरतात. त्याच्याही खाली गेलात आणि आत ट्यूब असली, तर दगडावर टायर रिमपर्यंत चेपतो आणि ट्यूबला साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. म्हणून दर खेपेला दोन-दोन पौंड उतरवत जावे आणि आपला आकडा शोधावा. ह्याला पैसा लागत नाही. आणि हवेचा फायदा हातांनाही मिळतो, जो सीटपोस्टचा कधीच मिळणार नाही. माझ्या कमरेचे निम्मे गाऱ्हाणे हवा उतरवल्यावर मिटले. तुमचे सगळेच मिटले तर पुढचे वाचून सोडून द्या. खिशाला हात लावू नका.

उरलेल्या निम्म्यासाठी सीटपोस्ट. ह्याच्या मुख्य जाती तीन.

पहिली नळीत नळी. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे वरची नळी खालच्या नळीत सरकते आणि आत स्प्रिंग असते. दोन-तीन हजारांत मिळते. मी हीच आधी घेतली, कारण दुकानदाराने सांगितले की ही चांगली पन्नास मिलिमीटर दबते. जास्त दबते म्हणजे जास्त चांगली, असा माझाही समज. सड्यावर नेली तेव्हा तिचे दोन अवगुण कळले. चढावर ती पॅडलच्या तालावर वरखाली होई, आणि बारीक वळ्यांवर मुळीच हले ना. मोठा खड्डा आला की एकदम ‘धप्प’.

असे का व्हावे? आमच्या मिस्त्रींनी ती उघडली, बोट फिरवले आणि म्हणाले, “सर, ही एका अंगाला घासलीया बघा.” गोम तिथेच आहे. सायकलीचा सीटखालचा नळ सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो, जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करून. तुमचा भार मात्र सरळ खाली पडतो. सीटवर चाळीस किलो भार असेल, तर त्यातला जवळजवळ बारा किलोंचा जोर नळीला आडवा दाबत असतो. आडव्या दाबाखाली नळीत नळी सरकायची म्हणजे ओल्या लाकडी कपाटाचा कप्पा ओढण्यासारखे. लहान धक्क्याला ते घर्षण मोडवत नाही, मोठ्याला मोडते. आणि खडीच्या वाटेवर त्रास असतो तो लहान धक्क्यांचाच, हजारोंनी येणाऱ्या.

दुसरी जात चौकटीची. हिच्यात वर सीट, खाली नळ आणि मधे चार खिळींवर फिरणारी छोटी समांतरभुज चौकट. धक्का बसला की सीट खाली तर जातेच, शिवाय थोडी मागे जाते. खिळीवर फिरायला घर्षण थोडे, म्हणून ती बारीक धक्क्यालाही हलते. आणखी एक गोष्ट. सीट नुसती खाली आली तर पॅडलपासूनचे अंतर कमी होते आणि गुडघ्याला कळते. खाली येता येता मागेही गेली तर ते अंतर फारसे बदलत नाही. चौकटीचे सीटपोस्ट अमेरिकेतल्या केन क्रीक आणि रेडशिफ्ट ह्या कंपन्या करतात. केन क्रीकचा ईसिल्क २० मिलिमीटर दबतो आणि थडबस्टरचा मोठा प्रकार ९०. रेडशिफ्टचा शॉकस्टॉप ३५. ह्यांतला एकेक आपल्या साध्या नव्या सायकलीपेक्षा महाग पडतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसरी जात लवचीक नळाची. कार्बन तंतूंचा नळ, स्वतःच वेताच्या छडीसारखा थोडा वाकणारा. हलका, खिळी नाहीत, देखभाल नाही. पण तो वाकायला सायकलीच्या चौकटीबाहेर लांब निघालेला हवा. उंची कमी असलेल्यांचा नळ चार बोटेच बाहेर असतो. तिथे हा पैसा वाया.

आता दबायचे किती, हा प्रश्न. आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याने मला खडूने फळ्यावर समजावून दिले. तुम्ही बसल्यावर सीट १० मिलिमीटर खचली, तर ती बैठक स्वतःच्या स्वभावाने सेकंदाला सुमारे पाच हेलकावे घेते. सेकंदाला सातांहून जास्त येणारे धक्के ती गाळते, त्याहून सावकाश येणारे गाळत नाही. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर वळ्या असलेल्या वाटेवर ताशी १८ किलोमीटरने गेलात, तर सेकंदाला दहा धक्के येतात. ते गाळले जातात. त्याच वाटेवर चढ लागला, वेग ९ वर आला, की सेकंदाला पाच. हा आकडा बैठकीच्या स्वभावाशी नेमका जुळतो, आणि माणसाचे धडही चार ते आठ ह्या टप्प्यातच सर्वांत जास्त हलते. म्हणून चढावर वळ्या आल्या की कोणताही सीटपोस्ट तुम्हाला वाचवीत नाही. तिथे बूड दोन बोटे उचलावे. पायांसारखी स्प्रिंग कोणत्याही कारखान्याने अजून काढलेली नाही. उलट, अशा वेळी स्प्रिंगऐवजी रबरासारखा ठोकळा असेल तर तो हेलकावा स्वतः जिरवतो, पोलादी स्प्रिंग तितका जिरवत नाही. मी ठोकळ्याचा घेतला, तोही २० मिलिमीटरचा. नव्वदाची गरज दगडधोंड्यांच्या उतरणीला. आमच्या सड्याला नाही.

घेताना तीन मापे घरून घेऊन जावीत. नळाचा व्यास, बहुतेक ठिकाणी तो २७.२ मिलिमीटर असतो, चौकटीचे भोक मोठे असेल तर मधे घालायची अल्युमिनियमची नळी मिळते, भोक लहान असेल तर इलाज नाही. दुसरे, सीट कसून धरणाऱ्या पट्ट्यापासून सीटखालच्या सळ्यांपर्यंतची उंची. यंत्रणा तेवढ्या जागेत मावली पाहिजे. आणि तिसरे तुमचे स्वतःचे वजन, कपडे, पाण्याची बाटली, पाठपिशवी धरून. ठोकळे वजनावर ठरलेले असतात. इथे लाजून दोन-चार किलो चोरू नयेत! सीट मग रोजच दबलेल्या अवस्थेत राहते आणि धक्का सोसायला जागाच उरत नाही. बसल्यावर एकूण दाबाच्या पाचवा हिस्सा खचली म्हणजे बरोबर. जितकी खचेल तितकी सीट आधीच वर घ्यावी, नाहीतर गुडघे दुखतात आणि दोष सीटपोस्टला लागतो. वर घेताना नळावरची ‘एवढा आत हवाच’ ही रेघ मात्र बाहेर येऊ देऊ नये.

पावसाचे एक सांगायचे राहिले. कोयनानगर-नवजाकडे एखाद्या वर्षी पाच हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, आणि मागच्या चाकाने उडणारा लाल चिखल सरळ चौकटीच्या खिळींवर बसतो. मागे चिखलपट्टी लावावी. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला खिळी पुसून, सीट हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहावी. खडखड वाटली तर बुश झिजले. बुश वेगळे मिळतात. ते मिळतात की नाही, हे मात्र सीटपोस्ट विकत घेण्याच्या दिवशीच दुकानात विचारून ठेवावे. मी विचारले नव्हते. मिस्त्रींनी एकदा लेथवर पितळेचे करून दिले, आणि ते अजून चालताहेत.