रेल्वेत बसून कोडिंग करायचे? लॅपटॉप घेताना प्रोसेसरआधी 'हा' आकडा पाहा

लासूर स्टेशन : मनमाड-छत्रपती संभाजीनगर रेल्वेमार्गावरील लासूर स्टेशनहून ये-जा करणाऱ्याला डब्यात बसायला जागा मिळाली तरी नशीब. चार्जिंगचा सॉकेट मोकळा मिळणे दूरच! त्यामुळे प्रवासात सॉफ्टवेअरचे काम करायचे असेल, तर 'आय-५ की आय-७' या प्रश्नाआधी बॅटरी किती वॉट-अवरची आहे, हे विचारा.

हिशेब सोपा आहे. बॅटरी ५० वॉट-अवरची आणि कोड लिहिताना लॅपटॉप सरासरी १० वॉट वीज घेत असेल, तर तो ५ तास चालेल. तोच अँड्रॉइडचा एम्युलेटर सुरू करून २५ वॉट घेऊ लागला, की २ तासांत बंद. जाहिरातीतले '१८ तास' बहुतेक वेळा व्हिडिओ चालवून मोजलेले असतात, कोड बिल्ड करून नव्हे.

सॉकेट मिळालाच तर? रेल्वे डब्यातला पुरवठा साधारण ११० व्होल्टचा असतो. अॅडाप्टरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिले असेल, तर व्होल्टेजची अडचण नाही. मात्र हे सॉकेट प्रामुख्याने मोबाइलसाठी आहेत. २०० वॉटचा अॅडाप्टर लागणारा गेमिंग लॅपटॉप तिथे लावायचा विचारही नको. शिवाय आगीच्या घटनांनंतर रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग बंद ठेवण्याचे पाऊल उचलले. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा लॅपटॉप असेल, तर ६५ वॉटची पॉवर बँक कामी येते. विमानात मात्र ती १०० वॉट-अवरपर्यंतचीच, तीही हँडबॅगेत न्यावी.

रॅम १६ जीबीच घ्या. हप्त्यांवर ८ जीबीचा घेऊन 'नंतर वाढवू' म्हणणारे इथेच फसतात. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते. ती वाढवता येत नाही. वजन दीड किलोच्या आत असेल तर उत्तम. आयफोनची अॅप बनवायची असतील, तर मॅकला पर्याय नाही. बाकीच्यांनी उगाच त्या फंदात पडू नये.

बजेट कमी असल्यास जुना लॅपटॉपही चालतो, पण इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना ही अट नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. ५० ची ३० झाली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.