ताडोबाचे तीन ऋतू

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांचे हे पानझडी अरण्य एका भेटीत कळत नाही. प्रत्येक ऋतूत त्याचे रूप पालटते.

जुलै ते सप्टेंबर या काळात उद्यानाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो. पाणी जमिनीत मुरते, बांबूला नवे कोंब फुटतात, कुरणे भरतात. हिवाळ्यात गवत माणसाच्या उंचीला पोहोचते. तलावावर पाहुणे पक्षी उतरतात; वाघ मात्र उन्हाळ्याच्या मानाने कमी दृष्टीस पडतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, पळस फुलतो आणि पाणवठे आटू लागताच वन्यप्राणी ताडोबा तलावाकडे वळतात. पर्यटकांना हाच काळ प्रिय असतो.

अरण्याच्या कसोटीचा काळही हाच. याच दिवसांत आसपासच्या गावांतील कुटुंबे मोहफुले व तेंदूपाने गोळा करून चार पैसे मिळवतात. फुले सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि ती आग वाळलेल्या गवतातून दूरवर पसरते. पहाटे एकट्यादुकट्याने वनात जाणाऱ्यांवर वाघाने हल्ला केल्याच्या घटनाही घडतात.

पाचोळा न पेटविता झाडून काढणे आणि समूहाने, उजाडल्यावर वनात जाणे, हे दोन्ही उपाय साधे आहेत. ग्रामसभेत व शाळेत फाल्गुनापूर्वीच त्यांची चर्चा झाली, तर माणसाचा जीवही वाचेल आणि पावसाळ्याने उभे केलेले अरण्यही.